उलटी गिरवी

२०१८च्या पावसाळ्यात सेठजींच्या दुकानातला संगणक गेला. वरच्या पत्र्यातलं पाणी आधी नुसतं भिंतीवरून उतरत होतं, तोवर कुणी मनावर घेतलं नाही. सराफ्यातल्या जुन्या भिंतींना ओल असायचीच. मग एका रात्री ते डब्याच्या पाठीमागच्या जाळीतून आत शिरलं. सकाळी छोटूने बटण दाबलं, फुटाणा तडकल्यासारखा आवाज झाला, आणि गल्ल्यासमोरच्या उदबत्तीवर जळक्या वासाने मात केली. सेठजी गादीवरून हलले नाहीत. लोडाला टेकल्या टेकल्या त्यांनी एवढंच विचारलं, "गिरवी का हिसाब तो बच गया न, भाऊ?"

भाऊ म्हणजे मी. सरकारी कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी दोन तास सेठजींच्या वह्या बघतो. पगार बेताचा, चहा भरपूर, आणि सणासुदीला कमानिया गेटजवळची खोव्याची जिलबी. "घरी बसून माझ्या फोडणीत चुका काढून राहिले असते, त्यापेक्षा बरं," असं आमच्या घरातलं मत आहे. आमचं मराठी हे असं, 'करून राहिले'वालं. आजोबा १९५६ साली हायकोर्टाच्या दप्तराबरोबर नागपूरहून जबलपूरला आले, आणि येताना क्रियापदं तिकडचीच घेऊन आले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी आपल्याकडेच येणार म्हणून जबलपूर पाट मांडून बसलं होतं. राजधानी गेली भोपाळला, जबलपूरच्या ताटात पडलं हायकोर्ट. वरची आवृत्ती हातातोंडाशी आली असताना खालचीवर भागवायचा या शहराला जुना सराव आहे. हायकोर्ट काही कमी नव्हे, असं आजोबा नेहमी म्हणत. पण त्यांचा पगारच हायकोर्टातून होता.

तर गिरवीचा हिशेब वाचला होता. गिरवी म्हणजे आपलं गहाण. सेठजींचा गिरवीचा प्रोग्रॅम १९९६ साली कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसला मज्जाव. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, डाग, वजन, टंच, तारीख, रक्कम आणि व्याज. त्यात एफ सेव्हन दाबलं की एक खास खिडकी उघडायची: वरचे सुटे दिवस पुरा महिना धरायचे की सोडून द्यायचे, हे सेठजी गिऱ्हाईक बघून ठरवत, आणि यंत्र मुकाट्याने मान्य करी. तुम्ही कुठलंही नवं, चकचकीत सॉफ्टवेअर आणा. त्यात जीएसटी असेल, बारकोड असेल, मोबाइलवर संदेश जायची सोय असेल. पण माणसाचं तोंड बघून व्याज सोडायची कळ असणार नाही. म्हणून दुकानाची पक्की बिलं दुसऱ्या यंत्रावर नव्या सॉफ्टवेअरात गेली, तरी गिरवी फॉक्सप्रोतच राहिली. लिहिणारा मुलगा आता कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. त्याच्या प्रोग्रॅमला हात लावायची कुणाची छाती नाही.

गेलेल्या यंत्रावर विंडोज एक्सपी होती. ती कुठून आली, हा प्रश्न दुकानात कधी निघाला नव्हता. संगणक जोडून देणाऱ्याने घातली, जशी मिठाईवाला डब्यात चमचा घालतो. काही वर्षांनी उजव्या कोपऱ्यात एक चांदणी उगवली आणि इंग्रजीत सांगू लागली, की आपण बनावट सॉफ्टवेअरचे बळी ठरला असण्याची शक्यता आहे. सेठजींनी माझ्याकडून अर्थ समजावून घेतला, थोडा विचार केला आणि विचारलं, "बळी ठरलो, तर भरपाई कुठे मागायची?" त्यानंतर ती चांदणी रोज उगवे. सेठजी तिच्याकडे समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघावं तसं बघत.

पण यावेळी त्यांनी ठरवलं, की माल पक्का घ्यायचा. पावती, परवाना, सगळं. ज्या गल्लीत माणूस दुसऱ्याच्या सोन्याचा टंच काढून पोट भरतो, त्या गल्लीत आपल्याच गल्ल्यावर खोटा माल ठेवणं त्यांना आता बरं दिसेना. सोन्यावर हॉलमार्क बघणारं गिऱ्हाईक कोपऱ्यातली चांदणीही बघतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कम्प्यूटरवाला पोरगा म्हणाला होता, "अंकल, दोन सौ में सब करा देता हूँ, कंपनी को पता भी नहीं चलेगा." सेठजी म्हणाले, "बेटा, हमको तो पता चलेगा न." मला वाटलं, हे वाक्य फ्रेम करून लावावं. मग त्यांनी त्याच सुरात नव्या यंत्राच्या किमतीत घासाघीस सुरू केली, तेव्हा वाटलं, नको.

नवा संगणक आला, त्यावर विंडोज १०. गिरवीचा प्रोग्रॅम घातला. एक निळी चौकट आली आणि तिने नम्रपणे कळवलं, की हे तुमच्या यंत्रावर चालणार नाही. पोरगा म्हणाला, हे टेनवर नाही चालत, सेवनवर चालतं. पलीकडच्या गल्लीत एकांकडे अस्संच चालू आहे. सेठजी म्हणाले, मग सेवन घाल. पोरगा म्हणाला, डाउनग्रेड करावं लागेल. हा शब्द दुकानात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. सेठजींनी तो दोनदा म्हणून पाहिला. बावीस कॅरटचं देऊन अठराचं घ्यायचं, एवढा बोध त्यांना झाला आणि त्यांनी लगेच विचारलं, "वरचे पैसे परत मिळतील ना?"

इथून पुढचं काम माझ्याकडे आलं, कारण आयुष्यभर मी सरकारी नियम वाचत आलो. रात्री जेवण उरकून विंडोजचा करारनामा वाचायला बसलो. संगणक सुरू करताना आपण 'मला मान्य आहे' म्हणून ज्यावर टिचकी मारतो, तोच. आजवर मी तो हजार वेळा मान्य केला होता आणि एकदाही वाचला नव्हता. लग्नातल्या सप्तपदीच्या मंत्रांचं माझं तसंच आहे. "काय वाचून राहिले एवढ्या रात्री?" हिने विचारलं. करार, म्हटलं. "आता कशाला? सही तर होऊन गेली ना!" हे सप्तपदीबद्दल होतं की विंडोजबद्दल, मी खोलात गेलो नाही.

करारात पहिलंच जे सापडलं, त्याने झोप उडाली. सॉफ्टवेअर विकलेलं नाही, ते वापरण्याचा फक्त परवाना दिलेला आहे. पैसे पूर्ण मोजले, पावती मिळाली, डबा आपल्या टेबलावर आहे, पण आतली विंडोज आपली नाही. शिवाय यंत्राबरोबर आलेली विंडोज त्या यंत्रालाच बांधलेली. यंत्र मोडीत गेलं, की तीही त्याच्याबरोबर सती जाते. दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हे मी सेठजींना सांगितलं. मला वाटलं, समजावायला तास लागेल. त्यांनी हातातली ताकडी खाली ठेवली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "मतलब माल उनका, रखा हमारे पास है, और ब्याज हमने भर दिया. ये तो उल्टी गिरवी हुई."

माझ्या ऐकण्यात सॉफ्टवेअर परवान्याची याहून नेमकी व्याख्या आलेली नाही. गिरवीत डाग सेठजींच्या तिजोरीत, मालकी गिऱ्हाइकाची. इथे वस्तू गिऱ्हाइकाच्या घरात, मालकी सावकाराची. आणि सोडवून घेण्याची सोय कुठल्याच कलमात नाही. आमच्या इतिहासातही हा प्रकार आहे म्हणा. १७९८ साली पेशव्यांनी हा नर्मदेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांना वापरायला दिला. १८१७च्या डिसेंबरात इंग्रज आले आणि भोसल्यांचा वापर संपला. तेव्हा मूळ परवाना कुणाचा, हे विचारायला पेशवेही जागेवर उरले नव्हते.

खाली उतरण्याच्या हक्काचं कलम मात्र खरोखर होतं. ते वाचताना मला कारखान्यातल्या प्रवासभत्त्याच्या नियमांची आठवण झाली: हक्क आहे, फक्त तो मागणाऱ्याला मिळू नये अशी रचना आहे. विंडोज १० प्रो यंत्राबरोबर आली असेल, तर तुम्ही तिच्याऐवजी विंडोज ८.१ प्रो किंवा विंडोज ७ प्रोफेशनल वापरू शकता. होम आली असेल, तर नाही. आमच्या डब्यावर होम होती. सेठजींच्या धाकट्याने स्वस्त पडते म्हणून घेतलेली.

म्हणजे हिशेब असा: जुनी वस्तू वापरायची असेल, तर आधी नवी घ्या. नुसती नवी घेऊन भागायचं नाही, महागातली नवी घ्या. मग ती न वापरता बाजूला ठेवा. सेठजी म्हणाले, हा आमच्याच धंद्याचा नियम आहे, फक्त आम्ही तो एवढ्या उघडपणे सांगत नाही. नवा हार मोडून आजीच्या घाटाचा करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात. सोनं तेच, घडणावळ दुसऱ्यांदा पडते.

त्यांना खरं कोडं पडलं ते पुढे. समजा आपण डबाबंद विंडोज दुकानातून सुटी, पूर्ण किमतीत घेतली, तर? तिला खाली उतरण्याचा हक्कच नाही. सगळ्यांत जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक सगळ्यांत कमी हक्काचं. होमवर वरचे पैसे भरून तिची प्रो करून घेतली तरी तो सुटा परवाना, हक्क नाही. यंत्राबरोबर प्रो घेणाऱ्याला दोन पायऱ्या उतरायची मुभा. आणि ठोक परवाने घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना मागच्या कुठल्याही आवृत्तीपर्यंत खाली जायची मोकळीक. "ठोक और चिल्लर," सेठजी म्हणाले. त्यांचं समाधान झालं. जगात कुठेही हा फरक दिसला, की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं.

हा हक्क काही सेठजींसारख्यांसाठी निघालेला नाही. मोठ्या कचेऱ्यांत शंभर यंत्रं एका आवृत्तीवर असतात, नवी दहा आली की ती वेगळ्या तालात नाचायला लागतात, म्हणून ही सोय. पण सामान्य माणसाच्या तोंडी 'डाउनग्रेड' हा शब्द गेला २००७ साली, विंडोज व्हिस्टा आली तेव्हा. व्हिस्टा दिसायला देखणी आणि चालायला गाभण गाय. लोक दुकानात नवा संगणक घेत आणि त्याच पावली म्हणत, यात एक्सपी घालून द्या. तेव्हाही हक्क व्हिस्टा बिझनेस आणि अल्टिमेट या वरच्या दोघींनाच होता. २००९ साली अमेरिकेत एका बाईने नव्या लॅपटॉपवरची व्हिस्टा उतरवून एक्सपी घेण्यासाठी ५९.२५ डॉलर मोजावे लागले म्हणून मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. ही बातमी मी सेठजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "पच्चीस पैसे तक लिखा? पक्की बाई है."

डबा परत करून प्रो असलेला घेतला. फरकाची रक्कम सेठजींनी अशी मोजली, जशी ती पुन्हा कधी भेटणार नाही. नव्या डब्यात प्रोसेसर सहाव्या पिढीचा होता, कारण तो दुकानदाराकडे पडून होता आणि म्हणून स्वस्त. हे मात्र आमच्या पथ्यावर पडलं. सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज ७ घातली, तर तिला सुधारणा द्यायच्या नाहीत असं कंपनीने २०१७पासून सुरू केलं होतं. कंजुषीचा असा रोख परतावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता विंडोज ७ आणायची कुठून? नियम सांगतो, हक्क आमचा, तबकडी तुमची. कुठून तरी खरी तबकडी आणि खरी चावी तुम्ही पैदा करा. चावी म्हणजे पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण पंचवीस. माझ्या घरच्या संगणकाबरोबर २०११ साली घेतलेली विंडोज ७ प्रोफेशनलची तबकडी मी जपून ठेवली होती, लग्नाच्या अल्बमच्या खाली. चावीचं लेबल संगणकाच्या कुशीला चिकटलेलं. आरसा धरून, मान वाकडी करून मी ती पंचवीस अक्षरं उतरवली. त्यात बी आहे की आठ, यावर घरात मतभेद झाले. विंडोज ८पासून यंत्राबरोबर येणारी ही चावी लेबलावर छापतच नाहीत, मदरबोर्डाच्या पोटात घालून पाठवतात. सेठजींना हे पटलं. जोखमीची वस्तू पोटातच बरी.

विंडोज घालायला बसलो, तो सर्वपित्रीचा आदला दिवस. घाई होती, कारण नवरात्र लागलं की सराफ्यात काम होत नाही. सुनरहाई आणि नुनहाईच्या देव्या बसतात, अंगभर खऱ्या सोन्याचांदीचे दागिने घालून, समोर पोलिसांचा पहारा. आणि सगळं जबलपूर दर्शनाला इथेच लोटतं. गल्लीत माणूस शिरला की तो स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी त्याला नेते. सेठजींच्या घराण्याचाही एक हार देवीच्या अंगावर दरवर्षी जातो. दसरा झाला की परत येतो. वापर देवीचा, मालकी घराण्याची. हा परवानाच, पण तिथे कुणी कुणाला पंचवीस अक्षरं विचारत नाही.

तबकडी फिरली, विंडोज ७चा निळा पडदा आला, 'पुढे चला' असं म्हणाला. माऊस हलेना. कळफलक दाद देईना. पोरगा वायर काढून घालतो, काढून घालतो. शेवटी उलगडा झाला: विंडोज ७ निघाली २००९ साली, नव्या डब्याची यूएसबी भोकं त्यानंतरच्या तिसऱ्या पिढीची. जुन्या विंडोजला त्यांची ओळखच नाही. ओळख करून देणारं सॉफ्टवेअर तबकडीत नाही. ते वेगळं आणून घालायचं, तर त्यासाठी आधी माऊस हलला पाहिजे. आमच्या कारखान्यात एकदा भांडाराची किल्ली भांडारातच राहिली होती, तेव्हाची आठवण झाली.

मग छोटूला सुचलं. गेलेल्या यंत्राचा कळफलक माळ्यावर होता, जांभळ्या गोल तोंडाचा. डब्याच्या पाठीमागे त्याच आकाराचं एक गोल भोक कुठल्याशा जुन्या मायेपोटी शिल्लक ठेवलेलं होतं. घातला, आणि चालला. त्याच्या 'एंटर'च्या कळीवर बोटाचा खड्डा पडला होता. वर्षानुवर्षांच्या गिरवीचा खड्डा. सेठजींनी हात पुसला आणि ती कळ स्वतः दाबली.

विंडोज ७ उठून बसली. गिरवीचा प्रोग्रॅम उघडला, हिरवी अक्षरं उमटली, आणि दुकानात जणू नातू झाला. पण कोपऱ्यात तिने तंबी दिली: तीस दिवसांत नोंदणी करा. इंटरनेटवरून केली, तर नकार. ती चावी माझ्या घरच्या यंत्रावर आधीच वापरलेली; एका चावीने दोन कुलपं उघडतो आहोत असा तिचा रास्त संशय. अशा वेळी नियम सांगतो, की फोन करा, माणसाशी बोला, आपण डाउनग्रेडचा हक्क बजावतो आहोत असं सांगा.

फोन लावला. पडद्यावर चोपन्न आकडे, सहा-सहाचे नऊ गट. ते यंत्राच्या आवाजाला वाचून दाखवायचे. इथे माझी मराठी आडवी आली. साठ वर्षं जबलपूरला काढली, हिंदीत भांडतो, हिंदीत भाजी घेतो; पण आकडे मनात मराठीतच येतात. दोन-दोन आकडे जोडून वाचायची खोड, आणि एकोणसत्तर म्हणजे उनहत्तर, एकोणऐंशी म्हणजे उन्यासी, तिथवर ठीक. एकोणनव्वदला हिंदीत उन-काहीतरी म्हणायला जावं, तर ते निघतं नवासी. आमच्याकडे नव्वदला एक कमी, त्यांच्याकडे ऐंशीला नऊ जास्त. माणूस भरल्या पेल्याकडे बघतो की रिकाम्याकडे, हे असं आकड्यांत कळतं. मागे गल्लीत कारागीर चांदीचा पत्रा ठोकतोय, समोरून सांडाला वाट द्या म्हणून कुणी ओरडतंय, आणि मी एक-एक आकडा सुटा करून देवाचं नाव घ्यावं तसा म्हणतोय. तिसऱ्या गटात यंत्राने हार मानली आणि माणसाकडे दिलं.

पलीकडे मुलगी होती, आवाज गोड. तिने विचारलं, ही प्रत किती संगणकांवर आहे? या प्रश्नाला सगळा भारत 'एक' असं उत्तर देतो, असं पोरगा हातवारे करून मला सांगत होता. मी आयुष्यभर सरकारी लेखापरीक्षणाला उत्तरं दिली आहेत. मी म्हणालो, बाई, ऐका. चावी माझ्या घरच्या यंत्राची, ते घरी चालू आहे. हा डबा सेठजींचा, याच्या पोटात १० प्रो आहे, तिची चावी हवी तर सांगतो. १० प्रो आम्ही वापरत नाही, तिच्याऐवजी हक्काने ७ वापरतो आहोत. मला वाटलं, आता ती घाबरणार, वरिष्ठांना देणार. ती म्हणाली, "ओके सर, डाउनग्रेड," आणि सहा-सहाचे आठ गट सांगितले. अठ्ठेचाळीस आकडे. मी ते गिरवीच्या कच्च्या वहीच्या पाठीवर लिहिले, सेठजींनी माझ्यामागून एकेक म्हणून ताळा पाहिला. शेवटचा गट भरला आणि पडद्यावर हिरवी खूण आली. पोरगा थक्क होऊन माझ्याकडे बघत होता. सगळं खरं सांगूनही काम होतं, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. मीही.

नवरात्र झालं, दसरा झाला. दिवाळीला सेठजींची नात घरी आली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही दोघांनी तिला हा पराक्रम साग्रसंगीत सांगितला. होम कशी परत केली, फरक कसा भरला, जांभळं तोंड, चोपन्न आकडे, सगळं. तिने शांतपणे ऐकलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "दादाजी, टेन का ही थर्टी-टू बिट क्यों नहीं डाल लिया?"

ते असं होतं. गिरवीसारखे डॉसचे जुने प्रोग्रॅम न चालण्याचं कारण विंडोज १० हे नव्हतंच. डब्याबरोबर आलेली विंडोज ६४ बिटांची होती, आणि प्रोसेसर ६४ बिटांच्या चालीत गेला की डॉसची जुनी चाल त्याला चालता येत नाही. विंडोज ७सुद्धा ६४ बिटांची घातली असती, तर तीही अशीच अडली असती. माझी तबकडी योगायोगाने ३२ची निघाली. आणि विंडोज १० दोन्ही मापांत मिळत होती. परवाना एकच, चावी तीच, ३२ घाला नाहीतर ६४ घाला. परत केलेल्या त्या स्वस्तातल्या होमवरसुद्धा गिरवी चालली असती. तबकडी कंपनीच्या ठिकाणाहून फुकट उतरवून घ्यायची. शिवाय, फॉक्सप्रो ही १९९२पासून मायक्रोसॉफ्टचीच. सासर-माहेर एकच होतं. आम्ही उगाच मध्यस्थ घालत बसलो.

गादीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सेठजींनी जांभळ्या तोंडाचा कळफलक पुढे ओढला आणि गिरवीत नवी नोंद उघडली. नाव: भाऊ. गाव: जबलपूर. डाग: विंडोज १० प्रो, न वापरलेली. वजनाच्या रकान्यात शून्य भरलं, तर १९९६च्या त्या मुलाचा प्रोग्रॅम ऐकेना. बिनवजनाचा डाग त्याने कल्पिलाच नव्हता. सेठजींनी एक गुंज भरली. रक्कम: होम आणि प्रोमधला फरक. व्याज महिन्याला शेकडा दोन. मी म्हटलं, सेठजी, ही थट्टा आहे ना? ते म्हणाले, "बही में मज़ाक नहीं लिखते."

विंडोज ७ची मुदत कंपनीने १४ जानेवारी २०२०ला संपवली. त्या वर्षी पंचांगात संक्रांत १५ला होती. सातवर ती एक दिवस आधीच आली. आम्ही इंटरनेटची तार काढून टाकली आणि गिरवी चालूच राहिली. पुढे विंडोज ११ आली, ती फक्त ६४ बिटांची. ३२चं मापच कंपनीने बंद केलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चीही मुदत भरली. आता नियम असा आहे, की ११ प्रो यंत्राबरोबर घेणाऱ्याला १० प्रोवर उतरता येतं. म्हणजे आम्ही कोऱ्या करकरीत ठेवून दिलेल्या वस्तूपर्यंत पोहोचायला लोकांना आता वरची घ्यावी लागते.

हे परवा मी सेठजींना सांगितलं. त्यांनी माझी नोंद उघडली, सात वर्षांचं व्याज बघितलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तो भाऊ, माल का भाव चढ़ गया है. छुड़ाओगे?"

मी त्यांना एफ सेव्हन दाबायला सांगितलं.